नावं देणार नाही

हमरापूर, २ मार्च २०२५

ती. सरोजिनीआत्यास,
उर्वीचा कृ. सा. न. वि. वि.

तू फोन फक्त मरण आणि रेल्वे यांच्यासाठी वापरतेस, म्हणून हे पत्र. इकडे कोणी मेलेलं नाही आणि गाडीही वेळेवर आहे.

अप्पा गेल्यानंतरचा आपल्या गणपतीच्या कारखान्याचा हा पहिला हंगाम. मूर्तींची काळजी नाही, डोळ्यांची आखणी करायला पोपटदादा आहेत. अडलंय ते गिऱ्हाइकांपाशी. ज्येष्ठात लोक घरचा पाट आणून टाकतात, मागे खडूने नाव लिहिलेलं, आणि त्याच पाटावर त्यांचा गणपती बसतो. कोणाचा पीतांबर कुठल्या रंगाचा, कोणाला उंदीर उजवीकडे हवा, हे अप्पा नुसता पाट बघून सांगायचे. तीनशे घरं डोक्यात होती त्यांच्या. मला नुसतं लाकूड दिसतं.

शेवटी तुझी जुनी विद्यार्थिनी हफ्सा धावून आली. सुट्टीचे दोन रविवार रोह्याहून येऊन बसली. महागडं सॉफ्टवेअर घ्यायचं नाही म्हणाली, रोजचा फुकटचा ईमेलच आपल्या कामाला वाकवायचा. आता प्रत्येक पाटाचं एक लेबल आहे. कोणाचं पत्र आलं की आपोआप त्या लेबलाखाली जाऊन पडतं, पोच आपोआप जाते, आणि कोणाला काय विचारायचं राहिलंय याची आठवण त्या त्या दिवशी समोर येते. पोपटदादा म्हणाले, की एवढी खटपट करण्यापरीस माणसाशी दोन शब्द बोलत जा गो.

आता खरी गोष्ट. हैबतकाका कारखानदार संघाचे अध्यक्ष झालेत, त्यांनी एक कंपनी गाठली आहे. सगळ्या कारखान्यांनी आपापल्या गिऱ्हाइकांची नावं, फोन, पत्ते कंपनीला द्यायचे, मग गिऱ्हाइकांशी बोलणं-लिहिणं सगळं कंपनी करील. जूनच्या सभेत सह्या आहेत. काका म्हणाले, की बायकामाणसाला एवढा व्याप झेपायचा नाय. काय करू?

तुझा लोभ मागायची गरज नाही, तो तू मारून मुटकून देतेसच.

तुझी
उर्वी


रोहा, ९ मार्च २०२५

चि. उर्वीस अनेक आशीर्वाद.

काय करू म्हणून विचारतेस? देऊ नकोस. पत्र इथेच संपलं, पण एवढ्यावर थांबेन तर मी सरोजिनी कसली!

हैबत माझा चुलतभाऊ, चार वर्षांनी धाकटा. त्याचं नाक मी पुसलेलं आहे, तेव्हा अध्यक्षपदाचा धाक मला दाखवू नये. त्याला सांग, या जिल्ह्यात आधी जमिनींवर सह्या झाल्या, मग खाडीकाठ गेला. दर वेळी सही करणाऱ्याला वाटलं, आपण शहाणे, मागे राहिले ते मूर्ख. आता नुसती नावं मागतायत म्हणे. अगं, कारखान्यात नावांखेरीज आहे काय? शाडू विकत मिळतो, रंग मिळतो, साचे मिळतात. कोलाडचा माणूस तीस वर्षं तुझ्याच दारात पाट का टाकतो, ते मात्र कुठे विकत मिळत नाही. ते ज्याच्या हाती गेलं, त्याचा कारखाना. तू तिथे मजूर.

हफ्साला सांग, शाळेत वर्गाबाहेर उभं केल्याचं मी आज मागे घेते. तिने केलंय ते खरं शिक्षण. हाताशी आहे त्या हत्याराला आपल्या कामाचं वळण लावायचं, दुसऱ्याच्या हत्याराचं वळण आपल्या अंगाला लावून घ्यायचं नाही.

आणि माझ्याही गणपतीचा पाट तुझ्याकडेच येतो. मला कुठलं लेबल लावलंस?

मायेची तक्रार नसावी,
आत्या


हमरापूर, १५ जून २०२५

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं लेबल ‘जपून’. हसून घे, कारण पुढचं हसण्यासारखं नाही.

माझ्या हातून मोठी चूक झाली आहे. आपल्याकडे एक पाट म्हणजे एक घर, म्हणून मी घरातल्या सगळ्यांचे ईमेल एकाच लेबलाखाली घातले आणि नियम लावला, की कोणीही लिहिलं तरी पोच सगळ्यांना जावी. कोलाडच्या माधवरावांचा धाकटा भाऊ सुजय खारघरला असतो. त्याने लिहिलं, की यंदापासून माझ्या घरी वेगळा लहान गणपती हवा, दादाला मी सवडीने सांगेन. पोच दोघांनाही गेली. वर त्याच्याच पत्राचा विषय आपोआप घेतलेला: ‘वेगळा गणपती. आपली नोंद झाली.’

तीस वर्षं त्या घरात एक गणपती होता. भाऊ वेगळा होतोय हे माधवरावांना माझ्या यंत्राने सांगितलं. मी दुसऱ्याच दिवशी कोलाडला गेले. त्यांनी बस म्हटलं नाही, पाणीही विचारलं नाही. म्हणाले, की तुझ्या बापाने आमच्या घरातलं कितीतरी पाहिलं आणि पोटात ठेवलं. चार दिवसांनी येऊन पाट घेऊन गेले. सुजयनेही नको म्हणून कळवलं.

हफ्साने नियम बदलला. आता लेबल पाटाचं नाही, चुलीचं. एकाचं पत्र दुसऱ्याला जात नाही. पण आत्या, गावभर झालंय. काका म्हणतात, की पोरीच्या कॉम्प्युटरने घर फोडलं. सभा अठ्ठावीसला आहे. मला वाटतं, सही करून टाकावी. माझी लायकी नाही.

तुझी
उर्वी


रोहा, १८ जून २०२५

चि. उर्वीस,

आशीर्वाद नंतर, आधी कान धरते.

चूक केलीस, खरं आहे. मोठी केलीस. माधवराव बरोबर आहेत. त्यांनी पाणी विचारलं नाही तेही बरोबर. ते दुःख तुझ्याजवळ राहू दे, जन्मभर. मी पुसणार नाही.

पण लायकी नाही म्हणून नावं दुसऱ्याला देणार? ज्याला आपली चूक बोचते त्यानेच नावं सांभाळावी. ज्याला बोचणारच नाही त्याच्या हवाली करणं ही दुसरी चूक, आणि ती पहिलीहून वाईट. घर फोडलं म्हणे! घरं भाऊ फोडतात, जागा फोडतात, शहरातली नोकरी फोडते. तू बातमी अवेळी दिलीस, तेवढाच तुझा गुन्हा. तेवढाच कबूल कर, एक अक्षर जास्त नाही.

उभी राहा. लिहून नेऊ नकोस, कागद थरथरतो. माझी वाक्यं तर मुळीच नेऊ नकोस. हैबत ती ओळखेल.

आता आशीर्वाद.

आत्या


हमरापूर, २९ जून २०२५

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

सही केली नाही.

काकांनी सुरुवातच कोलाडपासून केली. मग मी उठले. आधी चूक सांगितली, जशी झाली तशी. मागून कोणीतरी म्हणालं, की बघा, स्वतःच्या तोंडाने कबूल करते. मी म्हटलं, की हो, करते. कारण कोणाला दुखवलं ते मला माहीत आहे, त्याचं दार माहीत आहे, आणि त्या दारात जाऊन मी उभी राहिले. कंपनीची चूक झाली तर तुमच्यापैकी कोण कुठल्या दारात जाणार? माधवरावांनी कोणाला सुनवायचं? लोकांनी पाट आमच्या अंगणात टाकला, आमच्या विश्वासावर. तो विश्वास मला दिलाय, पुढे द्यायला दिलेला नाही. मी नावं देणार नाही.

टाळ्या नाही झाल्या. पोपटदादा एकटेच मागे उभे होते, ते तंबाखू थुंकायला बाहेर गेले. येताना म्हणाले, की बोललीस बरी गो, आता निस्तर. बाकी सगळ्यांनी सह्या केल्या. संघाच्या ट्रकमध्ये आता माझ्या मूर्तींना जागा नाही. शहरातल्या गिऱ्हाइकांना मूर्ती पोचवायच्या कशा, ते मी बघायचं.

मी काल रात्रीच मेलमध्ये एक मसुदा करून ठेवलाय. प्रत्येकाला त्याची तारीख आणि वेळ कळवायची. या आणि आपला गणपती आपल्या हाताने न्या. येतील की नाही, ठाऊक नाही.

काळजी करशीलच, पण पत्रातून कर. फोन नको.

उर्वी


रोहा, १२ सप्टेंबर २०२५

चि. उर्वीस अनेक उत्तम आशीर्वाद.

माझा गणपती आला, बसला, गेला. डोळे असे होते की अथर्वशीर्षात मी दोनदा चुकले. हफ्सा सांगत होती, लोक गाड्या घेऊन आले, कोणी ताटकळलं नाही, चाळीस पाट कमी झाले पण बाकीचे टिकले. चाळीस हा आकडा मी लहान करून सांगणार नाही. लागला असेल.

दुसरी बातमीही तिच्याकडूनच. कंपनीने हैबतच्या गिऱ्हाइकांना परस्पर लिहिलं, पुढल्या वर्षी कुठल्याशा मोठ्या कारखान्यातली मूर्ती घ्या म्हणून. त्याने नावं परत मागितली, तर कंपनी म्हणाली, की करारावर सही आहे, नावं आता आमची. मी दिवसभर गुणगुणत होते. वय झालं तरी गुण जात नाहीत.

तो तुझ्याकडे येईल. मी त्याला ओळखते. उंबऱ्याबाहेर उभा कर, सभेतलं त्याचं प्रत्येक वाक्य त्याला ऐकव आणि परत पाठव. ही माझी आज्ञा समज.

आत्या


हमरापूर, २१ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
उर्वीचा कृ. सा. न. वि. वि.

तुझी आज्ञा मोडली आहे. आधीच सांगते, म्हणजे पुढचं रागावूनच वाचशील.

काका गुरुवारी दुपारी आले. खरंच उंबऱ्याबाहेर उभे राहिले, मी न सांगता. म्हणाले, की पोपटकडे काम होतं. पोपटदादा म्हणाले, की माझ्याकडं तुमचं काय काम नाय. तुझी वाक्यं माझ्या जिभेवर होती, आत्या. एकूण एक.

मी त्यांना स्टूल दिलं. हफ्साने कॉम्प्युटर उघडला. मी म्हटलं, काका, पहिलं नाव सांगा.

त्यांना वाटलं, मी चेष्टा करते. मग म्हणाले, की जिते गावचे मास्तर, उपरणं हिरवं, मूर्ती दीड फुटाच्या वर नको, कोनाडा लहान आहे. मग नागोठण्याची एक बाई, तिच्या मुलाचं नाव, सून कुठली, ते सगळं. दिवेलागणीपर्यंत सांगतच होते. अप्पांसारखंच त्यांच्याही डोक्यात होतं सगळं. तेच नुसते आकडे समजून सहीबरोबर देऊन बसले. हफ्सा म्हणाली, की कंपनीकडे फोन नंबर असतील, हे नसेल. दारोदार जाऊन फोन-पत्ते पुन्हा गोळा करावे लागतील, निम्मे लोक येणारही नाहीत. हे त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

तू म्हणशील, मी नरमले. नाही. सभेत म्हटलं होतं, की ज्याला पाट दिला त्याचीच नावं. हे माझ्यापुरतं खरं आणि काकांच्या बाबतीत खोटं असेल, तर मी त्या दिवशी नुसती भांडले होते. आणि माफी त्यांनी मागितली नाही, मीही मागून घेतली नाही. ती राहिली आहे, राहू दे. संघातही मी परत गेलेले नाही. उलट दोन कारखान्यांतल्या बायका रविवारी हफ्साकडे शिकायला बसणार आहेत.

काकांचा ईमेल त्यांच्याच नावाने उघडला, माझ्या नाही. शेवटी परवलीचा शब्द टाकायचा होता. ते एका बोटाने अक्षरं शोधायला लागले आणि मला विचारलं, की बरोबर आहे का बघ गो.

मी तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभी राहिले. म्हटलं, काका, तो मी बघायचा नसतो.

राग गेला नाही तरी लिही, तुझ्या रागाचीही सवय आहे.

तुझीच
उर्वी