पाचटाची काजळी

कारेगाव, गुरुवार, डिसेंबर २००३

गच्चीवर हवा गाळणाऱ्या यंत्रातले कालचा आणि आजचा, दोन्ही कागद वजनाला सारखेच भरले. पण आजचा काळाकुट्ट. कालचे पांढुरके कण बहुतेक सल्फेटचे, प्रकाश विखुरणारे. आजचा कार्बन प्रकाश गिळतो.

घरमालक आप्पा सोडले तर इथं माझ्याशी बोलतं कोण? संध्याकाळी ते वर आले, तेव्हा तो काळा कागद मी हौसेनं दाखवला.

"इतकं काळं कशानं वो, ताई?"

"उसाचं पाचट जाळलं की अशी काजळी येते, आप्पा."

"सकाळी म्याच पेटवलं व्हतं," एवढंच ते म्हणाले आणि चहा न घेताच खाली गेले.

खोटं तर बोलले नाही मी. पण कशाला दाखवला तो कागद? मघाशी मी जिन्यापर्यंत गेले, हाक मारणार होते. पण तशीच परत फिरले आणि तो कागद पाकिटात घालून ठेवला.