कपारीतल्या गावाला निघण्याआधी

आई, आज घरात कुणी नाही. पोळ्या झाल्या, देवापुढचा दिवा अजून तेवतोय, म्हणून तुला लिहायला बसले. लग्नानंतर मी पत्रं पाठवायची ती शेजारचे मास्तर तुला वाचून दाखवायचे. मास्तरांच्या तोंडून जायचं म्हटल्यावर मी तरी काय लिहिणार? इकडे सर्व क्षेम आहे, एवढंच. आता तू गेल्यावर मधे वाचणारं कुणी नाही, तेव्हा मोकळेपणानं लिहिते. मी जर्मनीत आहे, मुलाकडे, बाड हॉम्बुर्ग नावाच्या गावात. खिडकीतून डोंगराची निळी कड दिसते. कपडे धुवायचं मशीन खाली तळघरात आहे, त्याला इथे केलर म्हणतात. मशीन थांबेपर्यंत मी तिथंच स्टुलावर बसते, आणि ते गरगरताना डोळे मिटले की तुझं पहाटेचं जातं ऐकू येतं. बाकीच्या बायका दळताना ओव्या म्हणायच्या. तू जात्याशी भांडायचीस. "फिर की मेल्या, का तुलाबी आधी जेवायला घालू?" गोधडीत पडून ऐकताना मला ते गाण्याहून गोड वाटायचं. मशीन थांबतं, दिवा लुकलुकतो, आणि मी ओले कपडे बादलीत घेऊन जिना चढते तरी अर्धी तिथंच असते, तुझ्या पत्र्याच्या खोलीत.

मुलानं उन्हाळ्यात अमेरिकेला जायचं काढलंय. तिथं वाळवंटात, उभ्या कड्याच्या कपारीत, जुन्या लोकांनी दगडामातीची आख्खी गावं बांधली होती. प्वेब्लो लोक म्हणतात त्यांना. शेकडो वर्षांपूर्वी ते ती घरं सोडून दुसरीकडे गेले, भिंती तशाच उभ्या आहेत. नातीला शाळेत त्यांच्यावर बोलायचं होतं, तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नाही. रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडतो आणि आमटीची वाटी कडेला सरकते. मी पहिल्या दिवशी नेहमीप्रमाणे खर्चाचं बोलले, तर मुलगा म्हणाला, "आई, तू फक्त शिडी चढशील का ते सांग. एका घराला लाकडी शिडीनंच जावं लागतं, आणि त्याची जागा आधी धरावी लागते." तुझे जावई सोफ्यावर पांघरूण घेऊन बसले होते. ते तिथूनच म्हणाले, "पडकं बघायला एवढं लांब कशाला? कोलोनचं चर्च इथून जवळ आहे आणि अजून उभं आहे." "आबर आजोबा!" नात ओरडली. आबर म्हणजे पण. मी चपला काढून गेलं तर चालेल का असं विचारलं, तर मुलगा हसायला लागला. "वाळवंट आहे गं ते. विंचू असतात."

मग तिनं मला एक फोटो दाखवला, आणि तो काही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही बघ. एक लहानशी खोली. जमिनीत उतरते बसवलेले तीन दगड, एकाशेजारी एक, प्रत्येकाला चारी बाजूंनी फरश्यांची चौकट. बायका त्यांच्यामागे गुडघ्यांवर बसून मका वाटायच्या. पहिलीनं भरडायचं, दुसरीनं बारीक करायचं, तिसरीनं पीठ. दगड मधोमध खोल झिजलेत, पाटा झिजतो तसे. मी कणीक मळता मळता थांबते आणि मला त्या तिघी दिसतात. सासू असेल, जावा असतील. एकीचं तान्हं मागे निजलंय, एकीचं मनगट दुखतंय पण ती बोलत नाही. कपारीतून तिरपं ऊन आत येतं, पीठ उडतं, आणि त्या उन्हात पीठच तेवढं हलताना दिसतं. मग कधीतरी त्या उठतात, दगडावरून हात फिरवतात आणि जातात. दगड नेण्यासारखे नव्हते. तू तरी धरणात गाव गेलं तेव्हा जातं बैलगाडीत घालून आणलंस.

आई, मी नाही म्हणाले. गुडघ्यांचं कारण सांगितलं, पण कारण तू होतीस. मी नववीत होते. त्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी खूप खाली गेलं आणि आपलं बुडालेलं जुनं गाव वर आलं. देवळाचा कळस, मग भिंती, मग रस्ता. शाळेतल्या सगळ्या मुली बघायला निघालेल्या, मीही भाकरी बांधून घेतली. तू सूप घेऊन दारात बसली होतीस.

"कुठं?"

"जुन्या गावात. सगळ्या चालल्यात."

"जत्रा हाय का थितं?" तू सूप खाली ठेवलंस. "कुनाच्या चुलीवर पाय पडंल, कुनाच्या देव्हाऱ्यावर पडंल, ठावं हाय का तुला? दार न्हाई म्हनून कुनीबी आत शिरायचं व्हय? जित्याच्या घरात इचारून जातो आपन."

माझ्या हातातलं फडकं घेतलंस, सोडलंस, ताट मांडलंस आणि म्हणालीस, "खा हितंच." मी रडत रडत खाल्लं. तू पुन्हा पाखडायला लागलीस, पण सुपात काही नव्हतं, ते मी पाहिलं. तू स्वतःही कधी गेली नाहीस. पुढे पाणी चढलं आणि मी ते गाव पाहिलं नाही ते नाहीच.

त्यामुळे आता दुसऱ्यांच्या मोडक्या घरांत शिरायला मन घेईना. मुलानं पुन्हा पुन्हा विचारलं, सूनबाई म्हणाली, "अहो आई, तुम्ही नाही तर ती पोरगीही जायची नाही." नातीनं वेगळाच मार्ग काढला. माझ्याजवळ बसून तिनं तिथले नियम वाचून दाखवले, जर्मनमधून, आणि मधे मधे मराठीची ठिगळं लावून. ज्यांच्या वाडवडलांची ही घरं, ते लोक आजही आसपास राहतात. ते म्हणतात, घरं रिकामी नाहीत, आमची माणसं अजून आत आहेत. हळू बोला. भिंतीला हात लावू नका. काही उचलू नका, काही ठेवू नका. ऐकताना वाटलं, तूच जर्मन बोलायला लागलीस की काय.

"चुलीपाशी मूठभर तांदूळ ठेवले तर?"

"नाइन, आजी! काहीच नाही."

"आणि नमस्कार?"

तिनं विचार केला. "नमस्कार... हो, नमस्कार दार्फ मान."

म्हणजे चालतो. मग तिनं विचारलं, आजी, तुझं गाव कुठेय? मुलानं लॅपटॉपवर नकाशा काढला, तालुका, धरण, आणि नुसता निळा रंग. "दा इस्ट या निश्त्स," ती म्हणाली. इथे तर काहीच नाही. वाईट बोलायचं म्हणून नाही बोलली ती, जे दिसलं ते बोलली. मी त्या निळ्यावर बोट ठेवलं.

"होतं गं," मी म्हणाले, आणि बोलतच सुटले. चूल कुठे, माळा कुठे, कोनाड्यात काय. ती म्हणाली, दार कसं होतं? मी सांगितलं, खाली अरुंद, वर रुंद, पाठीवर ओझं घेतलेली बाई न अडकता आत यावी असं. भिंत तांबूस, ऊन कललं की आतून उजळल्यासारखी. ती ऐकताना डोळे मिटून होती. आज पूजेला बसले तेव्हा लक्षात आलं, ते दार त्यांचं. कपारीतल्या घरांच्या फोटोतलं. आपलं दार मला आठवतच नाही, आई. गाव उठलं तेव्हा मी कडेवर होते. आणि तू नेहमी आतलंच सांगायचीस, दाराचं कधी बोलली नाहीस. आता स्वप्नात घर येतं ते त्या कपारीतलंच. तू गुडघ्यांवर बसलेली असतेस, शेजारी त्या दोघी. त्यांचं बोलणं मला कळत नाही, तुला कळतं. तुम्ही तिघी हसता आणि मी दारात उभी.

एकदा कुठल्या तरी घरात विचारून, हळू आवाजात आत जावंसं वाटतंय. हे पत्र पाठवायचं कुठं, घडी घालून पोथीत ठेवीन. तुझी परवानगी मागायला म्हणून बसले होते. पण खरं सांगू का, होकार मी कालच देऊन टाकला, शिडीसकट. तू नको म्हणशील, म्हणून आधी विचारलं नाही.