मावशींची अर्धी गोधडी

प्रिय आई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवते. मी खुशाल आहे. जेवण वेळेवर होतं, खोकलाही थोडाच उरलाय, तेव्हा जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

पण वाईट बातमी आहे. आमच्या खोलीतल्या मावशी गेल्या. कारखान्यात त्या माझ्या शेजारच्याच मशीनवर बसायच्या. ताप अंगावर काढला. "आत्ता रजा घेतली तर लेकीच्या बाळंतपणाला कशी जाऊ?" म्हणायच्या.

नातवंडासाठी त्या गोधडी करत होत्या. जुन्या साड्यांचे चौकोन कापायचे, कडेने टाके घालायचे आणि ते क्रोशाने एकमेकांना जोडायचे. निम्मी झाली होती. खोलीत क्रोशा मलाच येतो. तूच कान पिळून शिकवलास ना! उरलेली मी पुरी केली. त्यांची वीण घट्ट, माझी सैल. कितीदा उसवली, तरी त्यांच्यासारखी येईना.

गोधडी पोचली. लेकीला मुलगी झाली. फोनवर मी म्हटलं, "मधेच वीण बदललीये गं, वाईट दिसतं."

ती म्हणाली, "असू दे. आईचा हात कुठपर्यंत आहे, ते तरी कळतं."

फोन ठेवला आणि तुला पत्र लिहायला बसले.

तुझा गुडघा कसा आहे? बाबा गोळ्या घेतात का? खरं सांग. तू सगळं बरं आहे असंच लिहितेस, आणि मीही.

आज रजा मागितली. साहेब नाही म्हणाले. तरी मी येतेय.

तुझीच,
धाकटी