दाराबाहेरची जोडी

४ फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही नुसतं हो-हो म्हणता आणि तुम्हाला अर्धं ऐकूच येत नाही, हे मला कधीच कळलंय. म्हणून हे पत्र. कामवाल्या मावशींकडून वाचून घेऊ नका, स्वतः चष्मा लावून वाचा. चष्मे करणाऱ्या मुलीचे वडील आहात, जरा नाक राखा.

काम आता रुळलंय. दिवसभर काचा घासायच्या आणि उजेडाकडे धरून बघायच्या. बाहेर बहुतेक धुकंच असतं. हातातली काच हलवली की समोरची घरं, झाडं, चालणारी माणसं पाण्याखाली असल्यासारखी हलतात, आणि मी कुठल्या गावात आहे हेच क्षणभर कळत नाही. दुकानाच्या मालकीणबाई खाकरतात, मग कळतं.

एक गंमत सांगते. राहायला आले त्या दिवशी सवयीने चपला दाराबाहेर काढल्या. सकाळी गायब. दुसरी जोडी ठेवली, तीही गायब. शेवटी नुसत्या मोज्यांवर जिना उतरून तळघरात गेले. तिथे इमारतीचे राखणदार बसले होते. कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा, म्हणून मी त्यांना किल्लीकाका म्हणते. त्यांच्यामागे फळीवर जोडीदार हरवलेले हातमोजे, छत्र्या, पक्ष्याचा रिकामा पिंजरा आणि मधोमध माझ्या चपला. दाराबाहेर ठेवलेली वस्तू इथे टाकून दिलेली समजतात म्हणे. मी सांगितलं, आमच्याकडे बाहेर चपला दिसल्या की माणूस घरात आहे असं समजायचं. शाळेतून आले की हाक मारायच्या आधी मी आईच्या चपला बघायचे. दिसल्या की जिवात जीव यायचा. हे ऐकून ते बराच वेळ किल्ल्यांशी चाळा करत राहिले.

बाबा, आईला जाऊन वर्ष होत आलं. आता इकडेच या. खोली लहान आहे, पण खिडकी मोठी आहे. तुम्ही तिथे एकटे जेवत असाल, या विचाराने मी ताट तसंच बाजूला सारते. आशीर्वाद तर आहेतच, या वेळी सोबत होकारही पाठवा.

तुमची
चिमणी

---

२ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र चष्मा लावून वाचलं, मग मावशींनाही वाचून दाखवलं. पोर परमुलखात अनवाणी हिंडते म्हणून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मोजे होते, हे त्यांना पटत नाही.

जिथे दाराबाहेरची वस्तू टाकलेली समजतात, तिथे मी येऊन काय करू? जरा हवा खायला बाहेर उभा राहिलो, तर तुझे किल्लीकाका मलाही उचलून त्या पिंजऱ्याशेजारी ठेवतील. थट्टा राहू दे. पण मी जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या, हद्दी लावून दिल्या, आणि बाजारातून घरी यायची वाट मात्र मला तुझ्या आईने दाखवली. ती पुढे, मी पिशवी घेऊन मागे. वळण आलं की थांबून मागे बघायची, मी येतोय ना म्हणून.

खरं कारण आणखी वेगळं आहे. तिच्या चपला अजून दाराबाहेर आहेत. रोज सकाळी फडक्याने पुसतो. कुणा गरजूला देऊन टाका, असं मावशी म्हणाल्या, तेव्हा मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं होतं. बाहेरून आलो की त्या दिसतात, आणि कुलूप काढायला धीर येतो. त्या सोडून मी कसा येऊ, तूच सांग. तिला बाहेर ठेवून दार लावल्यासारखं होईल. आता आग्रह करू नकोस. जिवाला जप, माझ्या काळजीत जेवण टाळू नकोस.

तुझे
बाबा

---

२१ मार्च

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून खूप रडले. आता आग्रह करणार नाही, नुसती बातमी देते.

किल्लीकाकांनी जुन्या फळ्या तासून माझ्या दाराबाहेर चपलांची एक छोटी मांडणी करून दिली. दोन फळ्यांची. मी विचारलं, दुसरी कशाला? तर तुझे वडील कधीतरी येतीलच की, असं म्हणाले. मग मी त्यांना आईच्या चपलांची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, त्यांच्या बायकोचा कोट तळघरात अजून खुंटीवर आहे, आणि त्याची नोंद हरवलेल्या सामानात नाही. एवढंच बोलून गेले. दुसऱ्या दिवशी कामावरून आले, तर मांडणीला तिसरी फळी लागली होती.

आता खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईही बूट दाराबाहेर ठेवतात. मला येताजाता कळतं, बाई घरात आहेत. बरं वाटतं. माझ्या मांडणीच्या खालच्या दोन रिकाम्या फळ्या मात्र मी रोज पुसते आणि आत येते. तब्येतीचं खरं खरं कळवा, आणि या वेड्या मुलीवर रागावू नका.

तुमची
चिमणी

---

१८ एप्रिल

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्त्यावर टपालात एक पुडकं टाकलं आहे. गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. शेवटी मावशींनीच दोरी आवळली. त्या चपला तिसऱ्या फळीवर ठेव. टाकून दिलेल्या नाहीत, हे किल्लीकाकांना सांगायला नको, त्यांना कळेल.

पुडकं टाकून आलो त्या दिवशी आपल्याच दारावरून पुढे निघून गेलो. मावशींनी मागून हाक मारली, तेव्हा वळलो. दाराबाहेर काहीच नव्हतं, मग घर ओळखायचं कशावरून? रात्रभर पडून राहिलो आणि उजाडता उजाडता बरं वाटलं. आयुष्यभर ती पुढे आणि मी मागे. आताही ती पुढे गेली आहे. पिशवी घेऊन मी मागून येतो. तिकीट काढ.

येईपर्यंत लोभ तिकडे साठवून ठेव, आल्यावर लागेल.

तुझे
बाबा

ता. क. विमानतळावर घ्यायला येशील तेव्हा आईच्या चपला घालून ये. लहानपणी त्या पायात सरकवून पळायचीस म्हणून ती ओरडायची, आता तुझा पाय तेवढाच झाला असेल. गर्दीत मला चेहरे सापडत नाहीत, मी खाली बघतच येईन. तू पुढे चाल. फक्त वळण आलं की थांबून एकदा मागे बघ.