वाहतं ते बुजवतात

५ मे
पोचलो एकदाचा. उत्तर मिनेसोटा, नॉर्मन आणि आर्डिस त्वेत या म्हाताऱ्या नवराबायकोचं शेत. काम सोपं: रस्त्याखालच्या मोरीत बीव्हर बांध घालतात, तो रोज उपसायचा. बीव्हर म्हणजे नारिंगी दातांचा, चपट्या शेपटीचा उंदीरच, फक्त कुत्र्याएवढा. आर्डिसबाईंनी बटाटा-खिमा ओव्हनमध्ये भाजून केलेली हॉटडिश दोनदा वाढली. असं जेवण डुलुथला होडीवर कामाला होतो तेव्हा... तो किस्सा नंतर. घरातल्या सगळ्या नळांना चिंध्या बांधल्यात. म्हातारा नॉर्मन म्हणाला, पाण्याची खळखळ ऐकली की बीव्हरला राहवत नाही, येतो आणि बुजवतो. मागच्या वर्षी स्वयंपाकघरातला नळ बुजवला. मी म्हटलं, प्लंबर एवढ्या लवकर येत नाही. म्हातारा खोकेपर्यंत हसला. छातीत कफ नुसता घरघरतो त्याच्या.

८ मे
बांध फोडला. शी. शेवाळ, कुजकी साल, बेडकांची बुळबुळीत अंडी, आणि त्यावर बीव्हरच्या शेपटीखालचं ते तेलकट काहीतरी. तीनदा साबण लावला तरी वास नखांत. तहानेनं ओढ्याचंच पाणी प्यायलो. संध्याकाळी बांध जसाच्या तसा. म्हातारा म्हणतो, पोरा, त्यांना पगार लागत नाही.

११ मे
हगवण. हिरवट, सडक्या अंड्याच्या वासाची. आर्डिसबाई म्हणाल्या, त्यांच्या घाणीचं पाणी प्यायलास, गाढवा, आता भोग. पोट सारखं गुडगुडतंय. जेवताना त्या ऐकत बसल्या, घास हातात तसाच. मग माझं अंथरूण ओढ्याकाठच्या शेडमध्ये टाकलं.

१३ मे
दुपारी म्हातारा ओसरीवर खुर्चीत झोपलेला, तोंड उघडं, घरघर चालू. फावडं ठेवून आलो तर घरघर बंद. तोंडात चिखल. गच्च, थापून गुळगुळीत केलेला, कडेनं कुरतडलेल्या काड्या खोचलेल्या. नाकपुड्यांतही. बोटांनी काढत राहिलो, संपेचना, पार घशाखाली— तोच नखांतला वास. मी ओकलो. आर्डिसबाई रडल्या नाहीत. म्हणाल्या, किती वेळा सांगितलं होतं, कफ थुंकून टाका.

१४ मे
मोरी बुजली. रस्ता पाण्याखाली. फोनच्या तारेवर कुरतडून पाडलेलं झाड. बाई होडी घेऊन गेल्या, मदत आणते म्हणून. मला घेतलं नाही. नुसतं माझ्या पोटाकडे बोट दाखवलं.

१५ मे, दुपार
घरात आलोय, दार लावून. पोटावर पट्टा आवळला. उशी दाबली. थांबत नाही. खाल्लं तरी गुडगुड, उपाशी राहिलो तरी—

ओसरीवर ओलं काहीतरी फरफटतंय. एक नाही.

तो वास.

दाराखालून चिखल. काड्या. आधी फट बुजवतायत— नाही, दारच कुरतड—

गप्प. गप्प बस ना रे पोटा.

तोंड घट्ट मिटलंय. नाकात सैल बोळे घातलेत. पण आवाज तिथून येतच नाही, तो खालून—