‘निर्दोष’ची खूण

४ मार्च, मंगळवार

इस्त्रीवाल्याचा निकाल लागला. सुटला.

‘सुटला’ लिहिलं आणि अडखळले. गुन्हा केलेलाही सुटतो, न केलेलाही सुटतो. शब्द एकच!

लाँड्रीत आग लागली त्याला चौदा महिने झाले. घड्या घालणाऱ्या मावशीचे दोन्ही हात भाजले. मालकाने तक्रार दिली – हा इस्त्री चालू ठेवून घरी गेला. इस्त्रीवाला जन्मापासून बहिरा, लिहिता-वाचता येत नाही. म्हणून कोर्टाने खुणांच्या भाषेसाठी मला दुभाषी नेमलं. दर तारखेला त्याच्यासमोर उभी राहायचे. ते बोलतील ते माझ्या हातांनी, तो सांगेल ते माझ्या तोंडाने.

न्यायाधीशांनी वाचलं, ‘संशयाचा फायदा देऊन आरोपीची निर्दोष मुक्तता करण्यात येत आहे.’ एका दमात. पुढचं प्रकरण पुकारलंसुद्धा. तो माझ्या हातांकडे डोळे लावून उभा. संशयाचा फायदा कसा दाखवू? काहीही केलं तरी बोट त्याच्याकडेच जाणार. मी एवढंच केलं – ‘तुम्ही केलं नाही. न्यायाधीश म्हणाले.’

त्याने कठड्यावर डोकं टेकवलं. रडला. शिपाई म्हणाला, ‘बाहेर न्या हो त्यांना.’ पण हळू म्हणाला.

५ मार्च, बुधवार

न्यायाधीश तसं म्हणाले नव्हते.

९ मार्च, रविवार

त्याच्या वकिलांना फोन केला. त्या वाक्याचा नेमका अर्थ काय? हसले. ‘सुटला ना? मग झालं. शब्दांचा कीस कशाला पाडताय?’

माझं पोटच त्या किसावर आहे. निर्दोष – ज्याच्यात दोष नाही तो. दोषमुक्त – होता की नव्हता कोण जाणे, आता सोडवलाय. ‘आरोप सिद्ध झाला नाही’ यात तर माणूसच नाही, नुसता आरोप आहे. आणि ‘संशयाचा फायदा’ – एका हाताने द्यायचं, दुसऱ्या हाताने काढून घ्यायचं.

आई भाजी निवडत होती. तिला विचारलं. म्हणाली, ‘माणसाला काय हवं असतं? चारचौघांनी म्हणावं, तो त्यातला नव्हे. बाकी सगळं कागदावरचं.’

म्हणजे मी केलं ते बरोबर? हे विचारायचा धीर झाला नाही.

१३ मार्च, गुरुवार

इस्त्रीवाल्याला मावशीकडे जायचं होतं. आग लागल्यापासून तोंड दाखवलं नव्हतं त्याने. मी सोबत गेले. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या. मावशी एकटीच. दोन मनगटांच्या मध्ये कप धरून चहा पिते. बोटं मिटत नाहीत.

‘कोर्ट काय म्हणालं गं?’

त्याने खुणेने सांगितलं आणि मी बोलले, ‘कोर्ट म्हणालं, मी केलं नाही.’ शब्द त्याचे, आवाज माझा. खोटं मात्र निव्वळ माझं.

मावशीने मान खाली घालून कप जमिनीवर ठेवला. मग म्हणाली, ‘त्याला सांग, माझ्या मनात त्याच्याबद्दल काही नाही.’ त्याने तिचे हात हातात घेतले. तिने ओढून घेतले. दुखत असतील.

१७ मार्च, सोमवार

मालकाने नवं दुकान थाटलंय. इस्त्रीवाला निकालाची प्रत घेऊन काम मागायला गेला, मी बरोबर. मालकाने एका ओळीवर नख ठेवलं. ‘वाचा बाई. संशय. म्हणजे कोर्टालाच खात्री नाही. हा धुतल्या तांदळासारखा असता, तर असं लिहिलं असतं?’

सगळं जसंच्या तसं हातांनी सांगितलं. या वेळी नोकरी इमानाने केली. त्याने विचारलं, ‘संशय कोणाला?’ मी सांगितलं, ‘कोर्टाला.’

त्याने कागदाची घडी घातली. माझ्यासाठी न थांबता निघून गेला.

१८ मार्च, मंगळवार

सकाळीच तो दारात उभा. मी सगळं सांगितलं. न्यायाधीश काय म्हणाले, मी काय केलं. ‘का?’ त्याने विचारलं. मला तसं वाटत होतं म्हणून, मी सांगितलं.

तो रागावला नाही. म्हणाला, ‘चौदा महिने सगळे सांगत होते, तू बंद केली नाहीस. शेवटी मलाच तसं दिसायला लागलं. तुम्ही सांगितलंत तेव्हा परत आठवलं – बटण बंद केलं होतं. आता पुन्हा सगळं धूसर झालं.’

हे ऐकण्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

जाताना म्हणाला, ‘मावशीला मी खोटं सांगून बसलो. उद्या जाऊन खरं सांगतो.’ मी येते म्हटलं. ‘नको. भाचीला घेऊन जातो, तिला खुणा समजतात.’

माझा भरवसा राहिला नाही. राहू तरी कसा?

१९ मार्च, बुधवार

कोर्टाच्या कचेरीत माझी चूक लेखी कळवली. दुभाष्यांच्या यादीतून नाव काढतील. काढू देत.

२१ मार्च, शुक्रवार

मावशी आली होती. एवढ्या उन्हात, पायी. पाणीसुद्धा घेतलं नाही.

म्हणाली, ‘परवा तो येऊन माझी माफी मागून गेला. म्हणे कोर्टाने मला निर्दोष ठरवलेलं नाही, तुम्हाला चुकीचं सांगितलं. माझी माफी, बाई! इस्त्री तो बंद करूनच गेला होता. दोन पडदे ओले राहिले होते, म्हणून मी परत लावली.’

आत्ता दोघी त्याच्याकडे निघतोय. तिने सांगायचं, मी जसंच्या तसं दाखवायचं. मग वकिलांकडे, तिचं म्हणणं लेखी द्यायला.