हॅझलकोम्बचं छप्पर

७ नोव्हेंबर २०२४

स्टेशनने आता जेवणाचं टेबलही गिळलं. आम्ही नवरा-बायको सोफ्यावर मांडीवर ताटं घेऊन जेवतो. स्टॅन्लीला काय त्याचं! तो नोकरी करतो त्या हॉटेलात उतरलेला कुणी म्हातारा इंग्रज जाताना एक पुस्तिका देऊन गेला — हॅझलकोम्ब नावाच्या खेड्यातल्या स्टेशनची हकिगत. तेव्हापासून सहा वर्षं हा माणूस पुठ्ठ्याचं हॅझलकोम्ब बांधतोय. तेही इथे आखातात, अल खौदच्या फ्लॅटमध्ये, जिथे खिडकीतून गाडी सोडा, साधा रूळही दिसत नाही.

आणि खरं स्टेशन चाललं किती? चार वर्षं! १८९९ ते १९०३. गाव टेकडीवर, स्टेशन दीड मैल खाली. उतरा, परत चढा — त्यापेक्षा लोक सरळ बाजाराला चालत जायचे. कंपनीने कंटाळून कुलूप लावलं. शहाणी कंपनी.

१५ नोव्हेंबर

पुन्हा विचारलं, वसईला कायमचं कधी जायचं? इथे येऊन बावीस वर्षं झाली. तिकडे घर बांधून कुलूप घालून ठेवलंय.

"स्टेशन पूर्ण होऊ दे, इन्शाल्ला."

रविवारी चर्चला जाणारा माणूस, पण टाळायचं असलं की इन्शाल्ला.

२ डिसेंबर

पकडला! चहा घेऊन गेले तर साहेब कालच चिकटवलेलं छप्पर सुरीने उचकटत होते. म्हणे, कौलांचा रंग चुकला. सहा वर्षांत तिसऱ्यांदा चुकला! मी भडकले. मग हळूच म्हणाला, "आई गेली, मित्र पांगले. तिथे मला ओळखतं कोण, इरीन?"

वाईट वाटलं. तरी बजावलं — नाताळपर्यंत छप्पर, मार्चमध्ये विमान. खलास.

२४ डिसेंबर

छप्पर बसलं. स्टॅन्लीने शब्द पाळला. एक तारखेला राजीनामा देणार.

२६ डिसेंबर

नाताळचा फोन केला वसईला, क्लेअरला. माझी सख्खी धाकटी बहीण. म्हटलं, मार्चमध्ये येतोय आम्ही.

"ये ना! किती दिवस आहात?"

कायमचे, म्हटलं. तशी ती म्हणाली, "कंटाळशील गं तू इथे."

दर सुट्टीत ती हेच विचारायची, किती दिवस आहात. कधी खटकलं नव्हतं. फोन ठेवला आणि रडले.

२९ डिसेंबर

स्टॅन्ली ड्यूटीवर गेल्यावर छप्पर मीच उचकटलं. संध्याकाळी सांगेन, कौलांचा रंग चुकलाय.